संगणकातला सहावा गठ्ठा

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला 'सहा गठ्ठा पद्धत' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात कार्यालयीन कामाची जी घडी बसवली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गेली आणि तिच्याबरोबर ही पद्धतही रुजली. कारकुनाच्या मेजावर आणि कपाटात जेवढे म्हणून कागद असतील त्यांची विभागणी सहा गठ्ठ्यांत करायची: हातातली प्रकरणे, दुसऱ्या कुणाच्या उत्तरावाचून अडलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक तारखांना वर पाठवायची नियतकालिके, नेहमी लागणारे स्थायी आदेश, काम संपून अभिलेख कक्षात जाणारी प्रकरणे आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या 'ड' वर्गातल्या कागदांचा. या सहाव्या गठ्ठ्याचे कुणाला कौतुक नसते, पण बाकीचे पाच आवरलेले राहतात ते त्याच्या जिवावर. मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत कारभार संगणकावर गेला तेव्हा पहिले पाच गठ्ठे या ना त्या रूपात तिकडे पोचले. सहावा मागेच राहिला. संगणकावरची फाइल निकाली निघते, बंद होते. तिचे पुढे काय करायचे हा प्रश्न कुणाच्याही मेजावर येत नाही, कारण ती जागा अडवताना डोळ्यांना दिसत नाही. सार्वजनिक अभिलेखांना आज सर्वांत मोठा धोका या न दिसण्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे. काय नष्ट करायचे हे वेळेवर आणि उघडपणे ठरवले नाही, तर जे राखायला हवे तेही हातचे जाते, आणि गेल्याचा पत्ताही लागत नाही.

कागदाच्या बाबतीत हे ठरवण्याची रीत पक्की आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात: 'अ' कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क'चे दोन गट १० आणि ५ वर्षांचे, 'ड' १ वर्षाचा. मुदत संपलेले कागद वेचून काढण्याला कार्यालयीन भाषेत निंदणीकरण म्हणतात. त्याची यादी होते, वरिष्ठांची मंजुरी लागते, मग रद्दी निघते. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३चा, त्याचे नियम १९९७चे. महाराष्ट्राने २००५ साली स्वतःचा कायदा केला. केंद्राच्या कायद्याने अभिलेखाच्या व्याख्येत फाइल, हस्तलिखित आणि मायक्रोफिल्म यांच्या पंक्तीला संगणकाने किंवा अन्य यंत्राने तयार केलेले साहित्यही बसवले, आणि तेही बहुतेक कचेऱ्यांत टाइपरायटर खडखडत होते त्या काळात. नियमाबाहेर जाऊन अभिलेख नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८९२च्या आधीचा कागद तर, तो अगदीच कामातून गेलेला नसेल, तर नष्ट करताच येत नाही. २५ वर्षांहून जुन्या अभिलेखांचे मूल्यमापन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करायचे. कायदा लिहिणाऱ्यांनी पुढचे पाहिले होते यात शंका नाही. अडचण त्या २५ वर्षांत आहे. कागद २५ वर्षे निमूट वाट पाहतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेल्या स्थितीत किती राजवटी पाहून बसले आहे. १९३०च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी त्यातून ४५ खंडांचे निवडक कागद छापले, आणि आजही मोडी जाणणारा माणूस गाठला की ते दफ्तर बोलू लागते. संगणकातली फाइल इतकी सोशिक नसते.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. युनिकोड रुळण्याआधी, १९९०च्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. कुठे श्रीलिपी, कुठे सीडॅकचे आयएसएम, कुठे आणखी काही. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसायचेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली असत, आणि कोणत्या जागेवर काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा र, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. अशी फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर उद्गारचिन्हे, डॉलरची खूण, टोपी घातलेली रोमन अक्षरे यांची रांग दिसते. त्यात शासन निर्णय आहे की लग्नाची पत्रिका, हे कळायला मार्ग नसतो. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत. ते बरेचसे काम करतात, पण जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत चुका राहतात, आणि गटक्रमांकातला एक आकडा चुकला की नोंदीचा अर्थच बदलतो. बरे, कोणता फॉन्ट होता हे कुठे लिहून ठेवले नसेल तर रूपांतर तरी कशावरून करणार? हे सगळे २५ वर्षांच्या आत घडले. मूल्यमापनाची कायदेशीर वेळ येईपर्यंत मूल्यमापन करायला वाचता येण्याजोगे काही उरलेले नसणे, ही शक्यता या एका उदाहरणात पुरती उघडी पडते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ साली 'डोम्सडे' नावाचा मोठा लोकवृत्तांत लेझर डिस्कवर साठवला. २००२च्या सुमारास त्या डिस्क वाचू शकणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि खास प्रयत्न करून तो वाचवावा लागला. ज्या मूळ ग्रंथावरून त्याला नाव दिले तो १०८६चा चर्मपत्रावरचा ग्रंथ मात्र सुखरूप होता.

तेव्हा डिजिटल अभिलेख राखणे म्हणजे तो एका जागी ठेवणे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ७ हे नेमके सांगते. कायद्याने जपायचा अभिलेख संगणकीय रूपात जपलेला चालेल, पण तीन अटींवर: पुढे संदर्भासाठी तो उघडता आणि वापरता आला पाहिजे, तो मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कुठून आला, कुठे गेला, कधी पाठवला किंवा मिळाला हे कळेल असा तपशील बरोबर असला पाहिजे. वाचायला चार ओळी, पण पाळायला जन्मभराचे काम. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरच्या संगणकावर उघडून पाहणाऱ्या अनेकांना स्वाक्षरीजवळ प्रश्नचिन्ह दिसलेले असते. स्वाक्षरी खोटी असते असे नाही, तिची साखळी त्या संगणकाला पडताळता आलेली नसते. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ती एक ते तीन वर्षांत संपते. तीस वर्षांनी कोर्टात हीच स्वाक्षरी खरी ठरवायची, तर सही झाली त्या वेळी प्रमाणपत्र वैध होते याचा पुरावा तेव्हाच फाइलबरोबर बांधून ठेवावा लागतो. मजकूर बदललेला नाही हे दाखवायला प्रत्येक फाइलचा 'चेकसम' काढतात. मजकुरावरून गणिताने एक लांब खूण निघते. प्रचलित पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते, आणि मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ती पार बदलते. ही खूण पुन्हा पुन्हा काढून जुन्या खुणेशी ताडून पाहायची, दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीशीही ताडायची, जुने रूप मागे पडू लागले की फाइल नव्या रूपात न्यायची आणि नेताना काय बदलले ते लिहायचे. प्रत्येक फाइलमागे एवढा खटाटोप आहे. तो स्मरणपत्रांसाठी आणि चहापाण्याच्या बिलांसाठीही करायचा का?

यावर ठरलेले उत्तर येते: साठवणूक आता स्वस्त आहे, सगळेच ठेवा, उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता हवे ते शोधून देईल. पहिला भाग खरा आहे आणि त्यामुळेच फसवा आहे. स्वस्त झाली आहे ती डिस्क. राखण स्वस्त झालेली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांतून आग लागली. तिथे 'जी-ड्राइव्ह' होता, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांनी आपापली कामाची कागदपत्रे ठेवायची सामायिक जागा, माणशी ३० गिगाबाइट. त्यातली ८५८ टेराबाइट माहिती जळाली, आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. प्रत का नव्हती? व्याप इतका मोठा की बाहेर बॅकअप घेणे जमत नव्हते, असे कारण पुढे आले. संगणकीकरणात जगाच्या पुढे असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, पाच जणांचा जीव गेला, फायलींचे ढीग खाक झाले. त्यानंतर ई-ऑफिसला जोर आला, आणि संगणकावर गेले की सुटलो अशी एक समजूतही पसरली. देजॉनने ती समजूत मोडायला हवी. तिथे कोणत्या फायली कायमच्या आणि कोणत्या वर्षभराच्या हे आधी वेगळे केलेले असते, तर कायमच्या फायलींची प्रत घेण्याइतका बॅकअप कुठल्याही सरकारला पेलला असता. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार सांगते की सरकारी कामकाजात तयार होणाऱ्या कागदपत्रांपैकी १ ते ३ टक्केच कायम जपण्याच्या योग्यतेचे असतात. शोधून देणाऱ्या यंत्राबद्दल इतकेच म्हणता येईल की त्यालाही मजकूर वाचता यावा लागतो, आणि एका निर्णयाचे बारा मसुदे समोर असताना अंतिम कोणता हे त्याला कुणीतरी आधी सांगितलेले असावे लागते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि महाराष्ट्राने तो नुकताच अनुभवला. मराठा समाजातल्या कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मग गावोगावची कोतवाल बुके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडीतली आणि मराठवाड्यात उर्दूतली दप्तरे धुंडाळली गेली. मूल जन्मल्याची नोंद करणाऱ्या कोतवालाच्या मनात शंभर वर्षांनंतरच्या आरक्षणाचा विचार कसा असेल? उद्या कशाची गरज पडेल हे आज कळत नाही. तर मग नष्ट करण्याचा अधिकार कुणालाच का द्यावा? या प्रश्नाला सफाईदार उत्तर नाही. निवडीत काहीतरी गमावले जाणारच, आणि कधी कधी ते मोलाचे असणार. पण या शोधातून आणखी एक गोष्ट दिसते. हाती लागलेल्या नोंदी बहुतांशी नोंदवह्यांतल्या होत्या: माणसांची, ओळीने, ठरलेल्या रकान्यांत, एकाच प्रकारची नोंद करणारी पुस्तके. ती जपली गेली कारण पुस्तक म्हणून ती आधीपासून जपण्याच्या वर्गात होती आणि शोधली गेली कारण ती कुठे असतात हे ठाऊक होते. एकेका कागदाचे भविष्य ओळखण्याची गरज नव्हती. कागदाची जात ओळखणे पुरले. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. कॅरिबियन बेटांतून १९४८नंतर आलेल्या लोकांची बंदरावर उतरल्याची कार्डे तिथल्या गृहखात्याने २०१० साली नष्ट केली. खासगी माहिती जपण्याच्या कायद्याचे कारण सांगितले गेले. २०१८ साली 'विंडरश' प्रकरण उघड झाले तेव्हा त्यातली म्हातारी माणसे आपण कधी आलो हे सिद्ध करता न आल्याने नोकऱ्या, उपचार आणि काहीजण तर देशही गमावून बसली होती. ती कार्डेही माणसांची नोंदवहीच होती. माझ्या मते यातून निघणारा नियम सोपा आहे: व्यक्तीचा जन्म, आगमन, शिक्षण, मालकी किंवा नागरिकत्व नोंदवणारी मूळ नोंद, मग ती वहीत असो की डेटाबेसमध्ये, सहाव्या गठ्ठ्यात टाकायचीच नाही. हा नियम पाळूनही नष्ट करण्याजोगे डोंगराएवढे उरते.

तिसरा आक्षेप संशयाचा आहे, आणि तो कुणी बोलून दाखवला नाही तरी सगळ्यांच्या मनात असतो. नष्ट करण्याची सोय झाली की तिचा पहिला फायदा ज्यांना काही लपवायचे आहे ते घेतील. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूच्या चौकशीसंबंधीची पंतप्रधान कार्यालयातली एक फाइल १९७२ साली नष्ट केली गेली होती, हे मुखर्जी आयोगाच्या कामातून पुढे आले. नेहमीच्या छाननीत ती गेली असे सरकारचे म्हणणे, आणि त्यावर विश्वास न ठेवणारे आजही पुष्कळ. कदाचित खरेच नेहमीच्या छाननीत गेली असेल. पण ती फाइल 'नेहमीची' आहे हे कुणी, कोणत्या निकषावर ठरवले, त्यातल्या कागदांच्या प्रती कुठे होत्या, हे सांगणारा कागद त्याच वेळी तयार होऊन उघडा असता तर वादाला इतकी वर्षे खतपाणी मिळाले नसते. निवडणूक आयोगाने मे २०२५मध्ये मतदान प्रक्रियेचे चित्रीकरण निकालानंतर ४५ दिवसांनी, निवडणूक याचिका नसेल तर, नष्ट करण्यास सांगितले. याचिका दाखल करण्याची मुदत ४५ दिवसांचीच आहे, त्यामुळे मुदतीला आधार आहे. तरीही आधी तीन महिने ते एक वर्ष असलेली मुदत एका पत्राने कमी होते तेव्हा लोक प्रश्न विचारणारच, आणि विचारावेतच. संशयावर उपाय म्हणून काहीच पुसू नये असे सुचवले जाते. त्याने संशय मिटत नाही. पुसायचे ते गुपचूप पुसले जाते. १९८९च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांची कारकीर्द संपताना व्हाइट हाउसच्या ईमेलच्या टेप पुसण्याची तयारी होती. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि इतरांनी न्यायालयात धाव घेऊन ते थांबवले. सरकारचा बचाव होता की महत्त्वाचे ईमेल कागदावर छापून ठेवले आहेत. १९९३ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण छापील प्रतीवर तो संदेश कुणाकुणाला आणि केव्हा पोचला हे उरत नव्हते. ज्या ठिकाणी पुसण्याचा नियम स्पष्ट नव्हता तिथे हे सगळे न्यायालयाच्या जोरावर करावे लागले.

मग करायचे कसे? पहिली गोष्ट, वर्ग फाइल बंद करताना ठरवून चालणार नाही. फाइल उघडताना, तिला क्रमांक पडतो त्याच वेळी ठरला पाहिजे. बंद करताना अधिकारी बदललेला असतो, घाई असते, आणि 'राहू दे' हे सर्वांत सोयीचे उत्तर असते. ईमेलसारख्या पुरात एकेक संदेश वेचणे अशक्य असल्याने अमेरिकेने २०१३ साली वेगळी वाट काढली: विषय न पाहता पद पाहायचे. धोरण ठरवणाऱ्या वरिष्ठांचे ईमेल कायम, बाकीच्यांचे काही वर्षांनी नष्ट. पद्धत ढोबळ आहे, खालच्या टेबलावरचा एखादा मोलाचा इशारा तिच्यातून निसटेल. पण ती पाळता येते, आणि न पाळता येणाऱ्या काटेकोर नियमापेक्षा मला ती बरी वाटते. दुसरी गोष्ट नष्ट करण्याच्या कृतीची. कागद फाडला की संपला. संगणकावर 'डिलीट' दाबल्याने फक्त फाइलचा पत्ता पुसला जातो. मजकूर डिस्कवर असतोच, शिवाय बॅकअपमध्ये, दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये, कुणाच्या पेन ड्राइव्हवर. म्हणून मजकूर आधीच कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवतात आणि वेळ आली की किल्ली नष्ट करतात. प्रती कुठेही असोत, त्या निरुपयोगी होतात. या कृतीची नोंदवही हवी: कोणती फाइल, कोणता वर्ग, मुदत केव्हा संपली, मंजुरी कुणाची, चेकसम काय होता, कोणत्या तारखेला गेली. आणि नष्ट करण्याआधी ही यादी संकेतस्थळावर ठरावीक दिवस लागली पाहिजे, म्हणजे न्यायालयात, चौकशीत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात अडकलेली फाइल कुणालाही दाखवून देता येईल. माहिती अधिकारात मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे. पण यादीच नसेल तर काय नष्ट झाले हे सिद्ध तरी कसे करायचे? ही नोंदवही अर्थातच 'अ' वर्गातली.

या सगळ्याला बगल देणारी एक पळवाट मात्र रोज वापरात आहे. ब्रिटनच्या कोविड चौकशीत जानेवारी २०२४मध्ये स्कॉटलंडच्या माजी मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी त्या काळातले आपले व्हॉट्सअ‍ॅप संदेश ठेवलेले नाहीत हे मान्य केले. आपल्याकडच्या खात्यांचे ग्रुप वेगळे नाहीत. निर्णय तिथे होतो, फाइलवर नंतर टिपणी चढते, आणि फोन बदलला की पहिला निर्णय जातो. मुदत नाही, यादी नाही, मंजुरी नाही, तरीही सर्वांत मोठे निंदणीकरण तिथेच चालले आहे.

आणि याच्या अगदी उलट टोकाला, जे जायला हवे ते साठून राहते. एखाद्या योजनेसाठी हजारो लोक अर्ज करतात. प्रत्येकाबरोबर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, कधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र, सगळे स्कॅन केलेले. मंजूर अर्जांचे लेखापरीक्षण होईपर्यंत ते लागतील. नामंजूर अर्जांचे काय? २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा खासगी कंपनीला सांगतो की काम संपले की माहिती पुसा. सरकार आणि सरकारी संस्थांना मात्र त्याच कायद्याच्या कलम १७ने पुसण्याच्या या बंधनातून सूट दिली आहे. त्यामुळे नामंजूर अर्जासोबतच्या पासबुकाची प्रत सरकारी सर्व्हरवर १ वर्ष राहणार, १० वर्षे की कायमची, हे आता त्या त्या खात्याच्या वर्गीकरण तक्त्यातल्या एका ओळीवर ठरते. ती ओळ तक्त्यात नसेल, तर प्रत राहते.